प्रमाणपत्रांचे पीक

फाल्गुन सरू लागला म्हणजे आमच्या रत्नागिरीत दोन पिके एकदमच हाती येतात. पहिले हापूसचे. मोहोर गळाला, फुलकिडे पडले, फळात साका निघाला अशा नाना तक्रारी करीत का होईना, पण पेट्या भरल्या जातात आणि रात्रीच्या गाड्यांनी वाशीस रवाना होतात. दुसरे पीक प्रमाणपत्रांचे. ह्यास अवकाळी पाऊस बाधत नाही, फवारणी लागत नाही, राखणीस गुरखा ठेवावा लागत नाही; आणि पेरणी सुरू झाल्यापासून ते एकही वर्ष बुडालेले नाही. ‘सदर विद्यार्थ्याने आमच्या आस्थापनेत १२० तास समाधानकारक काम केले’, एवढा एका ओळीचा मजकूर, त्याखाली वाटोळा शिक्का आणि वाचता न येणारी सही. असे कागद घेऊन मुले आमच्या टेबलापाशी रांग लावतात. आम्ही त्यांवर दुसरी सही करतो आणि शिक्षणाचा व व्यवसायाचा विवाह यथाविधि लागला, अशी दप्तरी नोंद होते. वधूवरांची गाठ मुळात पडलीच नव्हती, हे मांडवातल्या प्रत्येकास ठाऊक असते.

ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारे मूल नाही अशा वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे. २०२० साली केंद्र सरकारने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर केले. त्यास अनुसरून २० एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र सरकारने पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा साचा ठरवून दिला. विद्यार्थ्याने एखाद्या व्यवसायात, कार्यालयात वा कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष काम शिकावे, एखादा क्षेत्र-प्रकल्प करावा, समाजात मिसळून काही सेवा करावी, आणि ह्या सर्वांस परीक्षेच्या गुणांइतकेच मोल मिळावे, अशी त्यात तरतूद आहे. कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणास, ज्यास मुले सुटसुटीतपणे ‘ओजेटी’ म्हणतात, ४ श्रेयांक. एका श्रेयांकास ३० तास. म्हणून वर आलेले ते १२०. कल्पना उत्तम आहे. ती आम्हांस मनापासून मान्य आहे, आणि म्हणूनच तिची चाललेली विटंबना आम्हांस पाहवत नाही.

प्रथम आमचाच अपराध सांगून टाकतो. ह्या विटंबनेत आमचा हात आहे, आणि तो सहीचा हात आहे. पहिल्याच वर्षी आमच्यापुढे जी दैनंदिनींची चळत आली, तीत निरनिराळ्या सात दुकानांत काम केलेल्या मुलांनी एकाच दिवशी एकच वाक्य लिहिले होते : ‘आज मी ग्राहकांशी संवाद साधण्याचे कौशल्य आत्मसात केले.’ त्या दिवशी रविवार होता आणि सातांपैकी निदान चार दुकाने बंद असावयास हवी होती. आम्ही हसलो, सहकाऱ्यांस दाखविले, तेही हसले. आणि मग आम्ही सही केली. का केली? श्रेयांक अडला तर मुलाचे वर्ष अडते; वर्ष अडले तर पालक येतात; आणि पालक आले म्हणजे, तुम्ही स्वतः किती वेळा त्या दुकानात जाऊन पाहिलेत, असे विचारतात. ह्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता ह्याच वर्गातील दुसरे चित्र पाहावे. एक मुलगा रोज संध्याकाळी सहा ते अकरा पेट्रोलपंपावर उभा असतो. दुसरा सुटीच्या दिवसांत मिरकरवाड्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातो. तिघीचौघी एप्रिलमध्ये आंब्याच्या शेडमध्ये फळ निवडतात. वजनाने, रंगाने, देठाच्या खुणेने पेटी लावतात. ह्या मुलांचे तास मोजू गेल्यास १२० कोठल्या कोठे मागे पडतील. पण ते मोजले जात नाहीत. कारण होडीला लेटरहेड नसते आणि शेडच्या मालकाला शिक्का नसतो. तेव्हा ही मुले काय करतात? खरे काम झाकून ठेवतात आणि मामाच्या स्टेशनरीच्या दुकानाचे खोटे प्रमाणपत्र आणतात. श्रम करणाऱ्या मुलास आपले श्रम लपवून आळशाचा दाखला मिळवावयास लावणारी ही व्यवस्था ‘श्रमप्रतिष्ठे’च्या नावाने चालते! खोटे बोलावयास शिकविण्याचे ४ श्रेयांक देणारी दुसरी संस्था आमच्या तरी पाहण्यात नाही.

दोन वर्षांमागची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही अर्थशास्त्र शिकवितो. आमच्या एका विद्यार्थिनीने कागदी दुकान न शोधता घरच्याच आंब्याच्या धंद्यात काम केले. हिशेब तिच्याकडे होता. मे अखेरीस ती एक पट्टी घेऊन आली. पट्टी म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब. कोकणात जन्मलेल्यास हा शब्द सांगावा लागत नाही. पेट्या इतक्या, भाव इतका, त्यातून वजा मोटारभाडे, हमाली, वाराई आणि शेवटी दलाली. तिने विचारले, “सर, २०१६ मध्ये सरकारने फळेभाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले, असे मी वाचले. मग ही वजावट कसली?” आम्ही म्हणालो, घरी विचारलेस का? ती म्हणाली, “विचारले. बाबा म्हणाले, मोहोराच्या वेळी फवारणीला उचल त्यांच्याकडूनच घेतो. तेव्हा माल त्यांनाच द्यायचा आणि पट्टी येईल ती वाचायची नाही.”

पस्तीस मिनिटांच्या तासात पूर्ण स्पर्धेची बाजारपेठ आम्ही गेली पंचवीसएक वर्षे शिकवीत आलो आहोत. त्या बाजारपेठेत विकणारे पुष्कळ, घेणारे पुष्कळ, माहिती सर्वांस सारखी, आणि कोणीही कोणाचा मिंधा नाही. आमच्या वर्गातील निम्मी मुले मिंधेपणातच वाढलेली असतात, ही गोष्ट आम्हांस एका पट्टीने सांगितली. पुढच्या वर्षी बाजारपेठेचे प्रकरण आम्ही त्या पट्टीवरून शिकविले, नावगाव झाकून. उचल म्हणजे कर्ज. मग त्याचे व्याज पट्टीत कोठे आहे? ते भावात लपले आहे, की दलालीत? पतपेढी तेवढे कर्ज मोहोराच्या वेळी का देत नाही? मुलांचे चेहरे त्या दिवशी जसे होते तसे आम्ही त्यापूर्वी क्वचितच पाहिले होते. आमचा मुद्दा एवढाच आहे : त्या मुलीचे १२० तास ज्या क्षणी वर्गात परत आले, त्या क्षणी ते शिक्षण झाले. तोपर्यंत ती मजुरी होती.

हा परतीचा रस्ता ह्या योजनेत कोणी बांधलेलाच नाही. मुलाला वर्गातून दुकानात पाठविण्याची वाट आहे. दुकानातला प्रश्न वर्गात आणण्याची वाट नाही. अहवाल येतो, कपाटात जातो, समिती आली म्हणजे कपाट उघडते.

ही सर्व कल्पना काल-परवा परदेशातून आली, असे ज्यांस वाटते त्यांच्या माहितीसाठी थोडा इतिहास सांगावयास हवा. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर ह्या अध्यापकाने १९०६ साली २७ विद्यार्थी घेऊन आळीपाळीने कॉलेज व कारखाना असा क्रम सुरू केला, हे खरे. पण त्याच सुमारास इकडे कोल्हापुरात प्राध्यापकी केलेल्या विष्णु गोविंद विजापूरकरांनी समर्थ विद्यालय काढले आणि पुढे ते तळेगावास चालविले. ग्रंथांबरोबर हातांसही काम देणारे ते राष्ट्रीय विद्यालय सरकारने १९१० साली बंद पाडले. त्याच तळेगावास, एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला पैसाफंडाचा काच कारखानाही होता. १९३७ साली वर्ध्यास गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन ह्यांच्या समितीने तिचा आराखडा केला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, त्याचा तर पायाच ‘कमवा आणि शिका’ हा होता. विद्यार्थी तेथे हातात फावडे घेत, आणि ते कोणत्याही श्रेयांकासाठी नव्हे. कारण त्यावाचून त्यांचे जेवण आणि शिक्षण चालणारच नव्हते.

मग कोठारी आयोग आला, १९६४ ते ६६. त्याने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. तो आमच्या लहानपणापर्यंत पोहोचेतो त्याची मेणबत्ती झाली होती. आमच्या पिढीतील प्रत्येकाने कार्यानुभवाच्या तासाला एक तरी मेणबत्ती, एक तरी कागदी फूल आणि ओबडधोबड खडूंची एक पेटी केली आहे. ती मेणबत्ती कोणी लावल्याचे किंवा त्या खडूने कोणत्या गुरुजींनी फळ्यावर लिहिल्याचे आमच्या स्मरणात नाही. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्यास ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भरदार नाव दिले. नाव भरदार झाले; मेणबत्ती तीच राहिली.

ह्या मेणबत्तीपासून जो एक प्रयोग वाचला तो पुणे जिल्ह्यातील पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मोठ्या कंपनीतील संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली त्या दुष्काळी गावी आले व विज्ञान आश्रम काढला. त्यांचा नियम साधा होता : मुले जे करतील ते गावात कोणास तरी खरोखर हवे असले पाहिजे. गावकऱ्यास फाटक हवे असेल तर मुलांनी ते जोडावे, आणि त्याचे मोल घ्यावे. मोल घेतले म्हणजे माप चुकवून चालत नाही. माप चुकू नये म्हणून गणित लागते. आणि सांधा का तुटला हे समजण्यासाठी विज्ञानाचे पुस्तक उघडावे लागते. पुस्तक अशा रीतीने उघडले गेले म्हणजे ते मिटत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘नूतन झेल्या’चीही जात हीच. देठासकट आंबा उतरला तर डिंक फळावर ओघळत नाही आणि फळ टिकते. गरज बागेतली, उत्तर विद्यापीठातले, आणि झेला पुन्हा बागेत. त्या विद्यापीठाचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी गावी जाऊन राहतात. लोक त्यांस कृषीदूत, कृषीकन्या म्हणतात. त्यातही कागदी काम पुष्कळ असते, हे आम्ही जाणतो. तथापि गावी राहावे लागते, हे सोंग नव्हे.

आता आमच्या प्रतिपक्षाकडे वळतो. तो दोन जातींचा आहे, आणि गंमत अशी की दोघेही एकमेकांस मूर्ख समजतात.

पहिला म्हणतो, “उद्योगधंद्यांना काय हवे ते विचारा आणि तेच शिकवा, बाकीचे सारे फुकट.” सभासमारंभांत ह्या वाक्यास टाळ्या मिळतात. ह्या गृहस्थांस आम्ही विचारतो, आपल्याला काय हवे हे धंद्यास तरी कोठे ठाऊक आहे? ज्या पट्टीची हकीकत वर सांगितली, त्या धंद्यास पट्टी न वाचणारा पोऱ्या हवा आहे. तो आम्ही पुरवावा काय? शिवाय ‘हवे’ म्हणणाऱ्याने मोल द्यावे, ही बाजाराची पहिली रीत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे उमेदवारास विद्यावेतन द्यावे लागते. २०२४ साली निघालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतही पदवीधरास महिना १०,००० रुपये ठरले. आमच्या विद्यार्थ्याच्या १२० तासांना मात्र एस. टी. च्या भाड्याएवढेही कोणी देत नाही. एका कार्यालयात, त्याचे नाव आम्ही घेत नाही, आमच्या दोन मुली पंधरा दिवस जुन्या फायलींच्या झेरॉक्स काढीत बसल्या आणि सोळाव्या दिवशी त्यांस सांगण्यात आले की प्रमाणपत्र हवे असेल तर महिना पुरा करा. ह्यास प्रशिक्षण म्हणावयाचे, तर वेठीस काय म्हणावयाचे?

दुसरा प्रतिपक्षी आमच्याच स्टाफरूममध्ये बसतो, आणि तो अधिक सभ्य असल्यामुळे अधिक घातक आहे. तो म्हणतो, “विद्यापीठ म्हणजे धंदेशिक्षणाचे वर्ग नव्हेत. वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान ह्यांचा दुकानाशी काय संबंध?” ह्या युक्तिवादात आम्ही स्वतः बरीच वर्षे सुखाने राहिलो, त्याची सावली दाट आहे. पण त्यास रत्नागिरीच्या सड्यांनीच उत्तर दिले आहे. राजापूर, लांजा, रत्नागिरी तालुक्यांतल्या उघड्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी खोदलेली चित्रे आहेत. काशेळीचा तो अवाढव्य हत्ती एकदा पाहिला म्हणजे विसरत नाही. ही चित्रे जगापुढे कोणी आणली? सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी; सुटीच्या दिवशी, पदरमोड करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारीत, सडे पायांखाली घालून. २०२२ साली कोकणची ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत जाऊन बसली. आम्हां प्राध्यापकांपैकी त्यांच्याबरोबर किती जण उन्हात चालले? बोटांवर मोजावे इतके. इतिहासाच्या किती विद्यार्थ्यांनी त्या वर्षांत आपला क्षेत्र-प्रकल्प म्हणून एक सडा मोजला? त्यांनी त्याऐवजी पुस्तकातून उतरलेले अहवाल आम्हांस दिले, आणि आम्ही ते घेतले. इतिहासास काम नाही असे म्हणणाऱ्याने निदान खिडकी उघडून सडा कोठे आहे एवढे पाहावे.

चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात त्याची ग्रंथसंपदा पाण्याखाली गेली. भिजलेले पुस्तक कसे वाळवावे, कोणते आधी उचलावे, काय कायमचे गेले त्याची यादी कशी करावी, हे मराठीच्या पदव्युत्तर वर्गात ज्यास शिकविले आहे असा एक विद्यार्थी आम्हांस दाखवावा. वाङ्मयाचा समाजाशी संबंध ह्या विषयावर निबंध मात्र दर वर्षी पडतो.

समाजसेवेचेही तेच. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. सात दिवसांचे शिबिर, सकाळची प्रभातफेरी, एक बंधारा, समारोपास पाहुणे. बंधारा चांगलाच असतो. त्याविषयी आम्ही वाईट बोलणार नाही. पण ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावाड्यांवर टँकर का फिरतात, हा प्रश्न सात दिवसांत सुटणारा नाही. एका विद्यार्थ्याने आपल्या वाडीतल्या विहिरीची पातळी तीन वर्षे, दर महिन्याच्या एकाच तारखेस, दोरी सोडून मोजली आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहिली, तर भूगोल, संख्याशास्त्र आणि स्थानिक स्वराज्य हे तीनही विषय त्या एका दोरीला लागून वर येतील. ह्यास खर्च दोरीचा. पण ह्यात छायाचित्र काढण्याजोगे काही नसते.

आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, जी रत्नागिरीकराने तरी विसरू नये. हा जिल्हा एके काळी मनीऑर्डरवर जगला. मुलगा शिकला की मुंबई. गिरणी गेली तर ऑफिस, ऑफिस गेले तर आखात. आम्ही शिकवितो ते निघून जाण्यासाठीच, अशी आमची आणि पालकांची न बोललेली समजूत आहे. जाणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. आमचीही दोन मुले येथे नाहीत. परंतु येथे काय काम आहे हेच ज्याने कधी पाहिले नाही, तो निवड करून जात नाही, ढकलला जातो. त्या १२० तासांनी निदान एवढे तरी साधावे की जाणाऱ्यास आपण काय सोडून जात आहोत हे कळावे.

मग करावे काय? आमच्या मते पहिला धडा मुलांनी गिरवावयाचा नाही, आम्ही गिरवावयाचा आहे. जो अध्यापक त्या जागी जाऊन उभा राहिला नाही, त्यास प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकारच नसावा. पेट्रोलपंप, होडी आणि शेड ह्यांचे तास लेटरहेडाशिवाय मोजले जावेत. मालकाच्या शिक्क्याऐवजी विद्यार्थ्याने वर्गापुढे उभे राहून तासभर प्रश्नांना उत्तरे द्यावीत. ज्याने फळ निवडले नाही त्यास पेटीतला थर सांगता येणार नाही. खोटे तेथेच उघडे पडेल. आणि अहवालाच्या शेवटी कौशल्यांची यादी न मागता एकच गोष्ट मागावी : तेथे जे पाहिले त्यातले पुस्तकात काय सापडले नाही? मुलाखतीस जाणाऱ्या मुलाला ह्याचा उपयोग काय, असे पालक विचारतील. त्यांस आम्ही सांगतो, समोरचा माणूस त्याला नेमके हेच विचारणार आहे.

ह्या मार्चमध्ये आमच्यापुढे जे कागद आले, त्यांतील नऊंवर आम्ही सही केली नाही. गवगवा झाला. प्राचार्यांनी बोलावून घेतले, ते योग्यच झाले. राजापूर तालुक्यातून एका मुलाचे वडील दोन गाड्या बदलून आले. ते रागावले नव्हते, हीच गोष्ट आम्हांस जड गेली. “सर, इतकी वर्षे चालले, मग आमच्याच पोराच्या वेळी का?” असे ते म्हणाले. ह्यास आमच्यापाशी चांगले उत्तर नव्हते. आम्ही म्हणालो, सुटीत त्याला पाठवा, तास आम्ही भरून घेऊ, आणि त्याच्याबरोबर आम्हीही येऊ.

नऊंपैकी पाच आले. पहाटे मिरकरवाड्याच्या धक्क्यावर होड्या लागत होत्या. टोपल्या उतरल्या, व्यापारी भोवती जमले, आणि आम्ही फळ्यावर जी मागणी-पुरवठ्याची रेषा काढतो तिच्या टोकाशी नेमके काय चालते ते पाहावयास पुढे सरकलो. दोन शब्द, एक मानेची हालचाल, आणि टोपली गेलीसुद्धा. भाव कोठे ठरला ते आम्हांस समजले नाही. राजापूरच्या त्या मुलाने आमची बाही ओढली आणि हळूच म्हणाला, “सर, इकडून बघा.”